पुस्तकाबाहेरची सुईण

सोमवार, ८ फेब्रुवारी

परांची उभी राहिली. चर्चची उत्तरेकडची भिंत ओलीनं फुगलीय आणि चुन्याचे पापुद्रे सुटलेत. सैल चुना काढायचा, आतला गिलावा पक्का करायचा आणि पुन्हा पांढरा हात मारून द्यायचा, एवढंच काम आहे. चित्रबित्र काही नाही. ताई फोनवर म्हणाली, "म्हणजे तू आता रंगारी झालीस." म्हटलं, रंगारी तरी कुठे, खरवडणारी.

राहायला चर्चच्या मागची खोली मिळालीय. स्वच्छ आहे. खिडकीतून अंगण आणि पाण्याचा पंप दिसतो.

इथले फादर सत्तरी ओलांडलेले, उंच, आवाज विहिरीतून आल्यासारखा खोल. दारात आले ते माझ्या डाव्या खांद्याकडे बघून छान हसले. बुजरे असावेत. कमिटीच्या अध्यक्षबाई अजिबात बुजऱ्या नाहीत. प्रसूतिगृहात मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. दुसऱ्यात सांगितलं की बाकं जागची हलवायची नाहीत. परांचीला जागा व्हावी म्हणून मी एक बाक जरा सरकवलं होतं. बाईंनी ते स्वतः ढकलत जागेवर आणलं आणि मला परांची आत घ्यायला लावली. कमिटी म्हटली की एक तरी असं माणूस असतंच.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

स्कॅल्पेलच्या बारीक पात्यानं एक पापुद्रा उचलला आणि खाली निळा. नखाएवढा. इतकी वर्षं हेच करतेय, तरी असा पहिला रंग दिसला की माझे हात गार पडतात. खाली उतरले, पाणी प्यायले, परत चढले. निळा होताच.

दुपारपर्यंत एक बाही मोकळी झाली, कोपराच्या वर सारलेली. तिच्या पुढे हात.

फादरांना बोलावलं. ते बाकांच्या पाठींवरून हात फिरवत सावकाश आले, परांचीखाली उभे राहिले आणि चित्राकडे पाठ करून म्हणाले, "सांगा, काय आहे."

"वर बघा ना. इथूनही दिसतंय."

"तुम्ही सांगा. मला ऐकायचंय."

मी सांगितलं. एक बाई असावी, बाही वर सारलीय, हात पुढे केलाय.

"हात कसा आहे?"

"खराब झालाय. ओलीनं काळा पडलाय."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ओलीनं नसेल पडला. नीट बघा."

स्वतः मान वर करायची तसदी घ्यायची नाही, आणि मला म्हणे नीट बघा.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

फादरांचंच खरं निघालं. तो काळा रंग मुद्दाम लावलेला आहे, बाकीच्या रंगांबरोबरच, गिलावा ओला असताना. बोटं जळक्या काटक्यांसारखी आखडलीत. हाताची मालकीणही आता दिसतेय, उतरत्या वयाची, तोंड अर्धवट उघडं. शेजारी दुसरी बाई घमेल्यापाशी गुडघ्यांवर बसलीय. तिच्या हातात नुकतं जन्मलेलं बाळ. मागे गवतावर आई पडलीय, थकलेली, चेहरा आपल्याकडे. वर गुहेचा काळोख.

खाली येऊन हे सगळं सांगितलं. फादरांनी बाकाची कड धरली आणि बसले.

"बायबलातल्या चार शुभवर्तमानांत येशूच्या जन्माबद्दल फार थोडं आहे," ते म्हणाले. "आईनं बाळाला जन्म दिला, बाळंत्यात गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. झालं. तिच्याजवळ कोण होतं, पाणी कुणी तापवलं, धीर कुणी दिला, एक अक्षर नाही. पण पुढे, दुसऱ्या शतकात, कुणीतरी एक पुस्तक लिहिलं. त्यात सुईण आहे. ती येते, जन्म बघते आणि बाहेर जाऊन एका ओळखीच्या बाईला सांगते, कुमारीला मूल झालं. ती ओळखीची बाई म्हणते, ती कुमारी आहे हे मी स्वतः हात लावून बघितल्याशिवाय मानणार नाही. हात लावते आणि तो हात जळायला लागतो. ती रडते, क्षमा मागते. तेव्हा तिला सांगितलं जातं, बाळाला उचलून घे. ती उचलते, आणि हात बरा होतो."

"हे बायबलात नाही?"

"नाही."

"मग जाळून का नाही टाकलं?"

ते हसले. "लोकांना वाटतं, एका दिवशी चार जण बसले, चार पुस्तकं ठेवली आणि बाकीच्यांची होळी केली. तसं नव्हतं ते. प्रार्थनेत कुठली पुस्तकं वाचायची, हे ठरायला पिढ्या गेल्या. काही पुस्तकं प्रेषितांच्या नावावर खपवलेली होती. काहींची शिकवणच निराळी होती. ती नाकारली, आणि मला विचाराल तर बरं केलं. पण काही अशीही होती, जी वेदीवर चढली नाहीत आणि घरातूनही गेली नाहीत. मरियेच्या आईवडिलांची नावं आपण घेतो ना, ती कुठल्याही शुभवर्तमानात नाहीत. ती ह्याच पुस्तकातली."

मी म्हटलं, हे म्हणजे एका हातानं ढकलायचं आणि दुसऱ्यानं ओढायचं.

"घरात आजोबांचा फोटो असतो भिंतीवर," फादर म्हणाले, "आणि आजोबांचे किस्से असतात आत्याच्या तोंडी. फोटोइतके ते पक्के नसतात. आत्या तिखटमीठ लावते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आजोबा हसायचे कसे, ते आत्यालाच विचारावं लागतं."

माझा देवाधर्माशी फारसा संबंध नाही. तरी खोलीवर आल्यावर कितीतरी वेळ मी नुसती बसून होते.

बुधवार, १७ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे खोटं?"

"खोटं नाही, पुस्तकाबाहेरचं."

"आईसारखं का? ती म्हणायची, मी जन्मले तेव्हा वीज कडाडली. आणि बाबा म्हणायचे, लख्ख ऊन होतं."

"तुला कुठलं खरं वाटायचं?"

"वीज," ताई म्हणाली. "ऊन काय, रोजच असतं."

नियमाप्रमाणे चित्राचे फोटो काढून बिशपांच्या कचेरीत पाठवले.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

अध्यक्षबाईंना फोटोंचं कळलं आणि त्या आल्या. नेहमीसारखी दारातूनच दवंडी, "फादर, मी आलेय, बाजूच्या दारानं." ह्या बाईंना आपल्या येण्याचं फारच कौतुक. फादर आत निघून गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

"कचेरीत कळवायच्या आधी मला का नाही विचारलंत?"

"तसा नियम आहे."

"आता माझं ऐका. हे शास्त्रात नाही. जे शास्त्रात नाही ते चर्चच्या भिंतीवर नको. गिलावा पक्का करा आणि चुना लावा."

मी म्हटलं, नाताळात गव्हाणीच्या देखाव्यात तुम्ही बैल आणि गाढव ठेवताच की. फादरच मला सांगत होते, जन्माच्या गोष्टीत तेही लिहिलेले नाहीत.

"मला माहीत आहे ते," बाई म्हणाल्या. "पण बैल-गाढव बघायला कचेरीतून माणसं येत नाहीत. ह्याला येतील. अभ्यासक येतील, फोटोवाले येतील. फादर, इथे उभे राहा, तिथे बघा, हे वाचा, इथे सही करा."

"येऊ देत की. चर्चचं नाव होईल."

"नाव," त्या म्हणाल्या, जणू मी त्यांच्यापुढे नासलेलं दूध धरलं होतं.

पोटात एक आणि ओठात एक. माणसं आली तर बिघडतं काय, हे काही बाईंनी सांगितलं नाही.

रविवार, २१ फेब्रुवारी

मिस्साला, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेला, मागे जाऊन बसले. सवय नाही, पण फादरांचा आवाज ऐकायचा होता. ते वाचायला लागले की माणसं खोकायची थांबतात. पुस्तक समोर उघडं होतं, पण त्यांनी एकदाही खाली बघितलं नाही, पानही उलटलं नाही. एवढं पाठ असल्याचं दाखवायची काय गरज, असं जरा वाटलं. तरी शब्द असे येत होते की आत्ताच कुणीतरी धावत येऊन सांगतंय.

नंतर त्यांच्या खोलीत चहा. स्वतः ओततात, आणि ओतताना बोट कपाच्या आत टाकतात. मी चहा सोडलाय म्हणून सांगितलं.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

काळ्या हाताच्या आजूबाजूचा चुना निघाला. हात बाळाच्या पाठीपर्यंत येऊन पोचलाय. मध्ये अंतर इतकं कमी की माझ्या बारीक ब्रशचे केसही जेमतेम मावावेत. चित्रकारानं तिथेच गोष्ट थांबवलीय. अजून हात बरा झालेला नाही. अजून स्पर्शच झालेला नाही.

फादरांना सांगितलं. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले. अंतर किती? बोटं सरळ व्हायला लागलीत का? बाळ कुठे बघतंय? मी म्हटलं, बाळाची मान वळलेली आहे, तिच्याकडे.

मग ते म्हणाले, "चौथ्या शुभवर्तमानाच्या शेवटी एक शिष्य आहे. बाकीचे सांगतात, येशू मेलेल्यांतून उठला, आम्ही त्याला पाहिलं. हा म्हणतो, त्याच्या जखमांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आणि येशू येतो तेव्हा त्याला रागावत नाही. म्हणतो, हात पुढे कर."

"मग तो करतो?"

"तेच तर लिहिलेलं नाही. सगळे चित्रकार काढतात, बोट जखमेत घातलेलं. पण पुस्तकात फक्त 'हात कर' आहे, आणि मग तो बोलतो, माझ्या प्रभू, माझ्या देवा. हात लावला की नाही, कुणाला माहीत नाही." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. "आता बघा. गोष्टीच्या शेवटी एक हात आहे आणि गोष्टीच्या अगदी सुरुवातीला एक हात आहे. दोघांचं म्हणणं एकच, लावून बघेन. एकाला पुस्तकात जागा मिळाली, दुसरीला भिंतीवर. पण मला वाटतं, जिनं पहिल्यांदा ही सुईणीची गोष्ट सांगितली, तिनं त्या शिष्याची गोष्ट ऐकलेली होती. ऐकून ती घरी गेली आणि तिला वाटलं, आमच्यातलीही कुणीतरी असेल अशी, अगदी पहिल्या दिवशी."

"लिहिणारी बाई होती?"

"ते कुणाला माहीत. माझं आपलं वाटणं."

मी परत वर चढले. काम म्हणून नाही, नुसतं बघायला. ते ब्रशच्या केसाएवढं अंतर. कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी ते तेवढंच ठेवलं आणि मग त्यावर चुना बसत गेला. त्या काळोखात हा हात इतका काळ असाच पुढे केलेला होता. खाली उतरावंसं वाटेना. का, ते सांगता येत नाही.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी

अध्यक्षबाई परांचीवर चढल्या. मी नको म्हणत होते, त्यांचे गुडघे दुखतात. ऐकतील तर शपथ.

त्यांनी काळ्या हाताकडे बघितलंही नाही. त्या घमेल्यापाशी बसलेल्या सुईणीकडे बघत राहिल्या.

"हिनं डोकं कसं धरलंय बघा," म्हणाल्या. "मानेखाली दोन बोटं, अंगठा कानामागे. बाळ ओलं असतं, निसटतं. आणि हे कोपर बघा, पाण्याला लागलंय. कढत आहे का ते बघतेय. हे ज्यानं काढलं तो बाळंतिणीच्या खोलीत उभा राहिलेला आहे."

मग आईकडे बोट केलं, भिंतीपासून लांब ठेवून. "आणि हिच्याकडे कुणीतरी लक्ष दिलंय. सगळे बाळाकडेच बघतात. हिला गुडघ्याखाली गवताची उशी दिलीय."

त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, मग राहू दे ना हे.

बाईंनी डोळे पुसले. "झाका," म्हणाल्या.

ह्या बाईचं मला काही म्हणजे काही कळत नाही.

सोमवार, १ मार्च

बिशपांचे सचिव गुरुवारी येणार. फादरांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं." अध्यक्षबाईंनी दुपारभर त्यांना वेदीपासून बाजूच्या दारापर्यंत पुन्हा पुन्हा चालायला लावलं. पाहुण्यांसमोर कसं यायचं ह्याचा सराव म्हणे. शाळेच्या स्नेहसंमेलनासारखं. बाईंचा धाक म्हणायचा की काय, फादर निमूट चालत होते.

गुरुवार, ४ मार्च

काय लिहू. क्रमानं लिहिते.

सचिव चाळिशीतले, मवाळ, तेही फादरच. परांचीवर चढले, बराच वेळ बघितलं आणि उतरले तेव्हा आवाज बदललेला होता. म्हणाले, "सुंदर आहे. पण अडचण सरळ आहे. लोक प्रार्थनेला बसणार ते ह्याच्यासमोर. जे चर्चनं शास्त्र म्हणून घेतलं नाही, ते रोज त्यांच्या डोळ्यांपुढे राहणार. मुलं विचारतील, हे कुठे लिहिलंय."

"म्हणून तर झाकायचं म्हणतेय मी," अध्यक्षबाई लगेच म्हणाल्या.

सचिवांनी कागद काढले. "फादर, दुसऱ्या पानावर तुमचं मत लिहा आणि खाली सही करा."

फादरांच्या हातात कागद आले आणि तिथेच राहिले. अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. "द्या, मी लिहिते. फादरांचं अक्षर कुणाला लागत नाही."

"राहू द्या, बाई," फादर म्हणाले. अगदी मऊ आवाजात. मग सचिवांच्या आवाजाच्या दिशेनं वळले. "मला दिसत नाही. आधी अंधुक होतं, आता उजेड तेवढा कळतो. मिस्सा मी पाठ म्हणतो. हे चित्र मी पाहिलेलंच नाही. परांचीवरच्या ह्या बाईंनी सांगितलं, तेवढंच माझ्यापाशी आहे."

मी तिथे उभी, आणि एकेक गोष्ट माझ्या अंगावर येत होती. माझी कानशिलं तापली. बाईंकडे बघायची हिंमत झाली नाही.

फादर बोलतच होते. "शास्त्रात जे आहे ते मी तुम्हाला आत्ता म्हणून दाखवेन. ते माझ्या हाडांत आहे. त्यात भर घाला, असं मी कधी म्हणणार नाही. पण ते मला मिळालं कसं? ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं, ज्यांनी ऐकलं त्यांनी पुढे सांगितलं, मग लिहिलं गेलं. ऐकणाऱ्याचं काम किती मोठं असतं, हे मला ह्या महिन्यात कळलं. ह्या बाई वरून सांगत होत्या, बाही, हात, बाळाची मान, आणि मी खाली बसून ते बघत होतो. ही सुईण शास्त्रात नाही. तिच्याखाली तसं लिहा, मोठ्या अक्षरात लिहा. मुलांना खरं सांगा. पण जिथे शास्त्र गप्प राहिलं, तिथे कुणीतरी कान लावून बसलं होतं. त्यांनी जे ऐकलं ते कदाचित त्यांच्याच काळजाचे ठोके असतील. तरी ते राहू द्या."

सचिवांनी त्यांच्या हातातून कागद हळूच काढून घेतले. "आणि तुमचं काय, फादर?"

"मी जाईन. पाठवाल तिथे."

अध्यक्षबाई उठून बाहेर गेल्या. मी मागोमाग गेले. पंपापाशी तोंड धूत होत्या.

"चित्राला माझा कधीच विरोध नव्हता," पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"आत्ता कळलं मला."

"तुम्हाला उशिरा कळतं," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

शनिवार, १३ मार्च

मंजुरी आली. चित्र राहणार. खालच्या पट्टीवर काय लिहायचं ह्यावर कमिटीत वाद झाला, शेवटी अध्यक्षबाईंचंच वाक्य ठरलं. "ही कथा शास्त्रात नाही. ती लोकांनी सांगितली आणि जपली." फादरांनी ते दोनदा म्हणून बघितलं आणि म्हणाले, ह्याहून चांगलं प्रवचन मी केलेलं नाही.

त्यांना वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात जायचंय. ते शांत आहेत. मीच नाही.

मंगळवार, १६ मार्च

उद्या परांची उतरणार. सकाळी फादर आले आणि विचारलं, "मला वर येता येईल?"

शिडी अध्यक्षबाईंनी धरली. मी एक पाऊल वर, ते माझ्या मागे, प्रत्येक पायरी हातानं चाचपत. फळीवर पोचल्यावर दम लागला होता. मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं.

चित्राला हात लावायचा नाही, हे मी इतक्या वर्षांत इतक्या माणसांना सांगितलंय की ते झोपेतही म्हणेन. त्यांनी विचारलंही नाही, हात मागे बांधून उभे होते. मीच त्यांची बोटं स्पिरिटनं पुसली, कोरडी होऊ दिली आणि मनगट धरून भिंतीपाशी नेली. "अगदी हलक्या हातानं," म्हटलं.

ओल्या गिलाव्यावर चित्रकार आधी टोकदार काडीनं रेघा ओढतात, मग रंग भरतात. त्या रेघा बोटाला लागतात. फादर बाहीपासून निघाले. कोपर, मनगट. "इथून काळा?" म्हणाले. मी हो म्हटलं. बोटं पुढे गेली आणि थांबली. मागे आली. पुन्हा पुढे गेली.

"इथे दोन हात आहेत."

"एकच आहे, फादर."

"दोन आहेत. एक बाळाजवळचा. आणि त्याच्या खाली हा दुसरा, मागे, छातीशी ओढून घेतलेला. बोटं मिटलेली."

मी विजेरी आडवी धरली. रेघा बघायला असा तिरपा उजेड सगळ्या भिंतीवर मी आधीच टाकला होता, पण त्या बाईच्या पदराच्या गडद चुण्यांत माझी नजर अडकली असावी. आता दिसलं. चुण्यांच्या खाली, रंग न भरलेली, अगदी बारीक रेघ. मिटलेली मूठ, छातीशी. चित्रकारानं आधी तिला घाबरून हात मागे घेतलेलं कोरलं होतं. गिलावा सुकायच्या आत त्याचं मन बदललं. त्यानं ती मूठ तशीच ठेवून वरून पदर रंगवला आणि हात नव्यानं कोरला, पुढे केलेला, बाळापर्यंत.

हे मी फादरांना सांगितलं.

"सुकायच्या आत," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "सुकायच्या आत." त्यांचं बोट त्या दोन रेघांच्या मधल्या जागेत होतं, एवढ्याशा ओबडधोबड गिलाव्यावर, जिथे काहीच काढलेलं नाही.

खालून अध्यक्षबाईंनी विचारलं, काय सापडलं. फादर भिंतीकडे तोंड करूनच त्यांना सांगायला लागले, सावकाश, सुरुवातीपासून, रविवारी वाचतात त्या आवाजात.

मी विजेरी मालवली. डोळे मिटले. बोटं पुसली आणि पहिल्यांदाच, हातात हत्यार न घेता, भिंतीला हात लावला.